पुढच्या दोन चाकांस सप्रेम भेट

आमच्या घरात भरवशाची गोष्ट म्हणजे स्टीलची गोष्ट. प्लास्टिकच्या बरणीत लोणचं घातलं जात नाही. कुणीतरी हौसेनं दिलेला नॉनस्टिकचा तवा महिन्याभरात तुळशीच्या कुंडीखाली गेला, कारण बायकोच्या मते त्याचा काळा थर पोळीबरोबर पोटात जातो. काचेचे ग्लास वरच्या फळीवर आहेत ते केवळ पाहुण्यांनी बघावेत म्हणून. पडलं तर पोचा येईल पण फुटणार नाही, तीच वस्तू आपली, असं तिचं साधं गणित. ह्या गणितात मी कुठं बसतो हे मी कधी विचारलेलं नाही. पोचे मात्र बरेच आहेत.

आम्ही राहतो लातूरला, तिचं माहेर नांदेडचं. आमची गाडी जुनी आहे, पण मी तिला जुनी म्हणत नाही, मुरलेली म्हणतो. गेल्या वर्षी ह्या मुरलेल्या गाडीतून आम्ही सासूबाईंना माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला नेलं. दर्शन छान झालं. माहूरला देवीचा प्रसाद म्हणजे तांबूल, कुटलेला विडा. मी तो जरा सढळ हातानं घेतला आणि दोन्ही गालांत वाटून ठेवला. गड उतरायला लागलो. मागच्या सीटवर सासूबाई डुलक्या घेत होत्या, शेजारी बायको. एका वळणावर ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल भिजवलेल्या पोह्यांवर पाय पडावा तसं मऊ लागलं आणि खाली, आणखी खाली गेलं. गाडी मात्र आपल्याच तालात.

अशा वेळी माणसानं ओरडायला हवं. पण माझं तोंड भरलेलं. देवीचा प्रसाद थुंकायचा नसतो हे मला लहानपणी आईनं शिकवलं होतं. ब्रेक गेला असेल तर चालतो, अशी सवलत तिनं सांगितलेली नव्हती. मी डोळे मोठे करून नुसतं "म्म! म्म्म!" केलं.

"हो ना," बायको म्हणाली. "यंदा कुटलाय छान."

मी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि रस्त्याच्या कामासाठी कडेला टाकलेल्या खडीच्या ढिगात गाडीचं नाक खुपसलं. गाडी थांबली. मग तांबूल नीट गिळला आणि म्हणालो, "ब्रेक लागेना."

"हे आत्ता सांगताय?"

मागून सासूबाईंनी डोळे उघडले. "आलं का नांदेड?"

कुणाला काही लागलं नाही. थोड्या वेळानं ब्रेक गार झाला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुन्हा लागायलाही लागला. पण मायलेकी वाटेत मिळालेल्या एका जीपमधून गड उतरल्या आणि मी त्यांच्या मागून, पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या चालीनं. त्या दिवसापासून बायको आमच्या गाडीत बसली नाही. भांडण नाही, अबोला नाही. नांदेडला जायचं असलं की ती एसटीनं जायची आणि मी बॅगा घेऊन गाडीनं बसच्या मागं. वाटेत लोहा गावाच्या स्टँडवर बस थांबली की मीही थांबायचो. ती खिडकीतून भाजलेल्या शेंगा द्यायची, मी पाण्याची बाटली वर करायचो. एकदा कंडक्टरनं तिला हळूच विचारलं, "मॅडम, ती गाडी लातूरपासून आपल्या मागं लागलीय. ओळखीची हाय का?"

"ओळखीचीच आहे," ती म्हणाली. "सामान आणून राहिलेत ते."

यंदा सासूबाईंनी पुन्हा माहूरचं काढलं. गुडघ्यांमुळं त्यांना बसची पायरी चढवत नाही. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, भाड्याची गाडी करायला तयार होता, आणि त्यात काही वाईट नव्हतं. पण मला कळत होतं, की माहूरला भाड्याची गाडी गेली, की आपल्या गाडीतली डावी सीट कायमची गेली. मग मी जन्मभर लोह्याच्या स्टँडवर पाणी वर करत राहणार. मला देवीपुढं बायकोला ह्याच गाडीतून न्यायचं होतं, आणि महत्त्वाचं म्हणजे ह्याच गाडीतून खाली आणायचं होतं.

मेहुण्याचं नांदेडला गॅरेज आहे. माणूस हुशार, पण तोंडाला पाना लावायची सोय नाही. त्यानं गाडी जॅकवर घेतली, चाकं काढली आणि बहिणीला हाक मारली.

"अक्का, गाडी चांगली हाय. हे रबरी पाइप म्हातारे झालेत. ब्रेक दाबला की फुगतात. दाजींच्या पायाचा अर्धा जोर पाइप फुगवण्यातच जाऊन राहिला. आन् ब्रेकचं ऑइल तर लई जुनं. उतारावर तापलं, उकळलं, संपला विषय. ऑइल कधी बदललं होतं, दाजी?"

"मी दर दसऱ्याला गाडीची पूजा करतो," मी म्हणालो.

"पूजेत ऑइल बदलत न्हाई."

त्याचं म्हणणं, नवं ऑइल भरू, नवे रबरी पाइप टाकू, पुष्कळ झालं. बायको चहाचा कप हातात घेऊन दाराशी उभी होती. ती म्हणाली, "रबर म्हणजे पुन्हा कधीतरी फुगणारच की."

"मंग स्टीलचे टाकू," मेहुणा सहज बोलून गेला. "स्टीलची जाळी विणलेले पाइप येतात. फुगत न्हाईत. पेडल ताठ राहतं."

बायकोनं कप खाली ठेवला. वर्षभरात गाडीबद्दलच्या बोलण्यात तिनं पहिल्यांदा मान वर केली होती. मी ती संधी सोडणं शक्य नव्हतं. "स्टीलचेच टाकायचे," मी म्हणालो, जणू हा विचार माझ्या मनात कधीपासून घोळत होता.

मेहुण्यानं हैदराबादहून तीन तऱ्हेचे पाइप मागवले आणि पुढच्या शनिवारी आम्ही नांदेडला, सासूबाईंच्या बैठकीत, सतरंजीवर ते मांडून बसलो. एक नुसत्या जाळीचा, चांदीच्या साखळीसारखा चकचकीत. दुसऱ्याच्या जाळीवर पारदर्शक प्लास्टिकचं वेष्टण. तिसऱ्यावर काळं वेष्टण, आतलं काही दिसत नाही. मला अर्थातच पहिला आवडला. चाकाच्या आत, जिथं कुणाला दिसणार नाही तिथं आपली शान असावी, असं काहीतरी मी बोललोही.

बायकोनं माझ्याकडं दुर्लक्ष केलं आणि भांड्याच्या दुकानात करते तसं सुरू केलं. पाइप तळहातावर तोलला. नखानं टोकावर टिचकी मारून आवाज ऐकला. मग उठून फ्रिजवरचा देवीच्या चित्राचा चुंबक काढून आणला आणि एकेका पाइपाला लावून बघितला. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, ही आमच्याकडची शेवटची परीक्षा. चुंबक किंचित रेंगाळल्यासारखा झाला.

"भेसळ," ती म्हणाली.

"अगं, तार ओढून ओढून बारीक केली की थोडं चिकटतंच," मेहुणा म्हणाला. "हे पातेलं न्हाई, अक्का."

"मला काय माहीत? तू म्हणालास स्टील, म्हणून मी बघून राहिले."

नुसत्या जाळीचा पाइप मेहुण्यानंच बाद केला. आपल्या रस्त्यांवरची धूळ आणि वाळू त्या जाळीत शिरते आणि आतून घासत बसते, शिवाय जाळी ज्याला घासेल त्याला करवतीसारखी कापते. म्हणजे वेष्टणाचा हवा. काळा की पारदर्शक? "काळ्याच्या आत स्टीलच आहे कशावरून?" बायको म्हणाली. झालं, पारदर्शक ठरला. मग लांबी. तिनं थोडा लांबच घ्या म्हटलं, पोरांचे युनिफॉर्म घेतो तसे, वाढत्या अंगाचे. मेहुण्यानं हात जोडले. लांब झाला तर चाकाला घासेल, आखूड झाला तर स्टिअरिंग पूर्ण वळवताना ताणला जाईल, म्हणून जुन्याच्या मापाचाच हवा. हे तिला पटलं. सगळं जमत आलं होतं, आणि मी, तोंड बंद ठेवायच्या ऐन क्षणी, पुठ्ठ्याच्या खोक्यावरचं वाचून ज्ञान पाजळलं.

"बघ, वरून स्टील आणि आतली नळी टेफ्लॉनची. एकदम भारी."

बायकोनं पाइप सतरंजीवर ठेवला.

"टेफ्लॉन म्हणजे त्या तव्याचं?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो.

"जो मी कुंडीखाली घातला?"

"अक्का, ते वेगळं," मेहुणा मध्ये पडला.

"वेगळं काय? वरून स्टील, आतून नॉनस्टिक. ह्यांच्यासारखंच झालं की हे."

ह्यावर मेहुणा इतका हसला की माझ्या बाजूनं बोलायचं विसरला. मी इंजिनिअरिंगचं दोन-चार वाक्यांत काही समजावून बघितलं. ते मलाच समजेना. शेवटी कोपऱ्यात गवारीच्या शेंगा मोडत बसलेल्या सासूबाईंनी निकाल दिला. "पोरी, त्याच्यातून तेल जाणार हाय, आमटी न्हाई. कोण खाणार हाय ते? घे म्हणलं तर घे."

घेतले. मागवलेल्यांतलेच आमच्या मापाचे चार पाइप, पारदर्शक वेष्टणाचे. मेहुण्यानं त्याच दुपारी मागचे दोन बसवले. पुढचे दोन रविवारी बसवायचे आणि सोमवारी पहाटे माहूरला निघायचं, असं ठरलं. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं, म्हणजे मी काही करायला मोकळा होतो.

आमच्याकडं, म्हणजे लातूर काय आणि नांदेड काय, भांडं विकत घेतलं की ते तसंच घरी आणत नाहीत. दुकानातच एक माणूस सुईचं यंत्र घेऊन बसलेला असतो, तो टर्रर्र करून त्यावर ठिपक्याठिपक्यांचं नाव घालून देतो. कुणाकडून, कुणास, कशाप्रीत्यर्थ, सप्रेम भेट. नाव नसलेलं भांडं म्हणजे शेजारणीच्या घरी गेलं की तिकडचंच. आमच्या स्वयंपाकघरात बायकोच्या आत्यांची, मावश्यांची, शाळेतल्या बाईंची नावं आहेत. माझ्याकडून सप्रेम अशी एक वाटीसुद्धा नाही. रविवारी सकाळी चहा पिताना मला एकदम सुचलं, की ह्या पाइपांवर तिचं नाव घातलं तर? स्टील आहेच. ज्यावर तिचं नाव आहे ते तिचं, आणि जे तिचं आहे त्यावर ती अविश्वास दाखवणार नाही. शिवाय पुढच्या चाकांवर ब्रेकचा जास्त जोर येतो असं मेहुणा म्हणाला होता, तेव्हा नाव पुढच्या दोन पाइपांवर. मी ते पिशवीत टाकून बाजारात गेलो.

नाव घालणाऱ्यानं पाइप उलटसुलट करून बघितला. "साहेब, हे कशाचं भांडं?"

"गाडीच्या ब्रेकचा पाइप आहे."

"असं हाय का. कार्यक्रम कोणता? लग्न, वास्तू का रिटायरमेंट?"

"कार्यक्रम नाही. नुसतं बायकोचं नाव आणि सप्रेम भेट."

त्यानं माझ्याकडं जरा सहानुभूतीनं बघितलं. "टोकाच्या लोखंडाला जागा न्हाई. मधल्या जाळीवर घालतो. पण सुई उड्या मारून राहिली, दाबून घालावं लागंल."

"दाबून घाला," मी म्हणालो.

एवढं चांगलं काम मी आयुष्यात क्वचितच करवून घेतलं असेल. प्रत्येक अक्षर स्पष्ट. मी ते रुमालात गुंडाळून गॅरेजमध्ये नेले आणि मेहुण्याच्या हातात दिले. सांगितलं काहीच नाही. त्यानं पाइप सवयीनं मुठीतून सरकवला आणि हात झटकला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला होता.

"दाजी, ह्याला काय चावलं?"

सुईनं वेष्टण भोसकलं होतं आणि खालच्या जाळीच्या बारीक तारा तुटून बोरीच्या काट्यांसारख्या वर आल्या होत्या. त्यानं पाइप उजेडात धरला. त्याचे ओठ हलायला लागले, तो वाचत होता. "सौ..." मग पुढं. मग "सप्रेम भेट." तो खाली ठेवलेल्या टायरवर बसला आणि आवाज न करता हसत राहिला, नुसते खांदे हलत होते. मी उभा होतो.

हसणं संपल्यावर तो उठला आणि त्याचा चेहरा बदलला. "हा पाइप मी लावत न्हाई. ह्या तारांवरच सगळा भार हाय. तुटलेल्या जाळीवर मी अक्काला आन् आईला बसवत न्हाई."

"वरून चिकटपट्टी..." मी सुरुवात केली. त्यानं माझ्याकडं जे बघितलं त्यानंतर मी ती सुरुवातही परत घेतली.

उद्या पहाटे निघायचं होतं. चाकं काढलेली गाडी जॅकवर. हैदराबादहून दुसरे यायला दिवस लागणार. मेहुण्याकडं आमच्या मापाचे, लावण्याजोगे दोनच पाइप उरले होते, ते काळ्या वेष्टणाचे, ज्यांच्या आत स्टील आहे कशावरून, असं विचारून तिनं बाजूला सारलेले. "आता अक्काला बोलवावं लागंल," तो म्हणाला. मला वाटलं, भाड्याच्या गाडीवाल्याला बोलवणं सोपं जाईल.

ती आली. मेहुण्यानं दोन्ही पाइप तिच्या हातात दिले. तिनं एक, बोट न टोचवता, शेवटपर्यंत वाचला. मग दुसरा वाचला. त्यावर तेच होतं.

"हे तुम्ही घालून आणलंत?"

"भांड्यावर घालतो तसं."

"ब्रेकवर?"

"स्टील आहे म्हणून..."

मग ती पाठमोरी झाली आणि तिचे खांदेही भावासारखेच हलायला लागले. ह्या घराण्यात सगळे असेच हसतात, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. डोळे पुसून ती म्हणाली, "लग्नात सगळ्यांनी नावं घालून दिलं. तुमचं आज आलं." आणि ते दोन्ही पाइप तिनं पिशवीत टाकले. फेकायला नाही. पाइपांच्या टोकाला कडी असते, ती खिळ्यात बरोबर बसते. आज लातूरला आमच्या स्वयंपाकघरात ते झाऱ्याशेजारी लटकलेले आहेत.

पण प्रश्न काळ्या पाइपांचा होता. ती ते हातात घेऊन म्हणाली, "ह्याच्या आत स्टील आहे, हे मला कसं कळणार?"

"पेडल दाब म्हंजे कळंल," मेहुणा म्हणाला. "बसवल्यावर ऑइलमधली हवा काढायची हाय. एकजण पेडलवर लागतो. दाजींना बसवलं की ते गप्पा मारतात आन् नको तेव्हा पाय सोडतात. तू बस."

पाइप बसले. माझ्या जागेवर, स्टिअरिंगसमोर, बायको बसली. खाली मेहुणा चाकापाशी, एका बाटलीत नळी सोडून. मला टॉर्च धरायला दिला होता, दुपारच्या उन्हात.

"दाब अक्का. दाब. धर. सोडू नकोस. हां, सोड."

बाटलीत काळपट ऑइलमधून बुडबुडे निघत होते. पुन्हा दाब, धर, सोड. सुरुवातीला तिचा पाय खालपर्यंत जात होता. "अगं बाई," ती म्हणाली, "हे असं लागत होतं तुम्हाला त्या दिवशी?" मी हो म्हटलं. त्या "म्म्म"चा अर्थ तिला पहिल्यांदा पायातून कळला असावा. डब्यातलं नवं ऑइल पडत गेलं, बुडबुडे कमी झाले, आणि एक वेळ अशी आली की पेडल थोडंसं गेलं आणि थांबलं. तिनं पुन्हा दाबून बघितलं. मग जोर लावून. ते तिथंच.

"कसं लागतंय?" मेहुण्यानं खालून विचारलं.

"कुकरचं झाकण बसल्यासारखं."

मग तिनं स्वतः स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं आणि खाली उतरून, पदर खोचून, पाइप कुठं घासतोय का ते वाकून बघितलं. मला म्हणाली, "टॉर्च नीट धरा." मी आनंदानं धरला.

सोमवारी पहाटे सासूबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली, मी ती चिरडून गाडी पुढं घेतली आणि गल्लीच्या तोंडाशी ब्रेक लावून दाखवला. बायको डाव्या सीटवर बसली. मी नुसता आरसा पुसत राहिलो. बोललो असतो तर ती उतरली असती, अशी मला भीती होती.

माहूरला दर्शन झालं. तांबूल मिळाला. मी हात पुढं केला तेवढ्यात तिनं तो सगळा एका स्टीलच्या डब्यात घातला, झाकण दाबलं आणि डबा मांडीवर घेतला. डब्यावर तिच्या मावशीचं नाव होतं. "आधी खाली उतरा," ती म्हणाली.

गड उतरताना खडीचा ढीग जिथं होता तिथं आता डांबर झालं होतं. तिनं त्या बाजूला बघितलं. प्रत्येक वळणाआधी मी ब्रेक लावायचो आणि त्याच क्षणी तिचा उजवा पाय समोरच्या चटईवर दाबला जायचा. दाब, धर, सोड. मी ते बघत होतो. माझं तोंड रिकामं होतं, तरी काही बोललो नाही.

पायथ्याला सपाट रस्ता लागला तशी ती म्हणाली, "बाजूला घ्या." समोरच एसटीचा थांबा होता. मी गाडी थांबवली, अगदी अलगद. तिनं डबा उघडला, तांबुलाचा मोठा गोळा करून माझ्या तळहातावर ठेवला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात घातला.

मागं सासूबाईंनी डोळे उघडले. "आलं का नांदेड?"

आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "म्म्म."